पिल्लाचा रंग हा शेवटचा रंग नव्हे : सापांचे मॉर्फ, जोड्या आणि बदलते रंग

वेटोळे

कॉर्न स्नेक किंवा बॉल पायथन या पाळल्या जाणाऱ्या सापांची पिल्लं बाहेर पडली रे पडली की या मंचावर फोटो येतो, "हा कुठला मॉर्फ (रंग-नक्षीचा आनुवंशिक प्रकार)?" पिल्लाचं अर्धं अंग अजून अंड्यात, कातडी ओली, वरून पिवळ्या दिव्याचा उजेड, आणि खाली दहा जणांची दहा उत्तरं. म्हणून जे माहीत आहे ते एकदा सविस्तर लिहून ठेवतो. मुद्दा एकच. पिल्लाचा रंग हा त्याचा शेवटचा रंग नसतो, आणि मॉर्फ ओळखायचा तर नुसत्या डोळ्यांनी भागत नाही, आईबापांची नोंद लागते.

आधी रंग येतो कुठून ते बघू. सस्तन प्राण्यांच्या कातडीत आणि केसांत मेलॅनिन हेच मुख्य रंगद्रव्य. सापांकडे रंगपेशींचे तीन प्रकार आहेत. मेलॅनोफोर काळा-तपकिरी रंग देतात. झँथोफोर पिवळा ते लाल. तिसऱ्या, म्हणजे इरिडोफोरमध्ये रंग नसतोच, ग्वानिनचे बारीक स्फटिक असतात आणि ते उजेड परतवतात. या सगळ्या पेशी गर्भात न्यूरल क्रेस्ट नावाच्या पट्टीत तयार होतात आणि तिथून निघून अंगभर पसरतात. आता या प्रवासात कुठेही काही बिनसलं की मॉर्फ तयार. पेशी पोचल्याच नाहीत, पोचल्या पण रंग बनवेनात, रंग बनला पण नीट साठेना, असं काहीही.

म्हणूनच अल्बिनो साप पांढराशुभ्र नसतो. कॉर्नमधून मेलॅनिन वजा केलं की लाल-केशरी उरतो, तो ॲमेलॅनिस्टिक, बोलताना 'ॲमेल'. लाल वजा केला की काळा-करडा उरतो, तो ॲनेरिथ्रिस्टिक, म्हणजे 'ॲनरी'. दोन्ही गुण एकाच सापात आले की 'स्नो'. ॲमेल हा अप्रभावी गुण आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून त्याची प्रत आली तरच दिसतो, हे बेक्टेल दांपत्याने प्रत्यक्ष जोड्या लावून दाखवलं आणि १९६२ साली त्यावर शोधनिबंध लिहिला. बर्नार्ड बेक्टेल पेशाने त्वचारोगतज्ज्ञ, त्यामुळे कातडीच्या रंगाचं वेड समजण्यासारखं आहे. नेमका बिघाड कुठे, ते कळायला मात्र २०१५ उजाडलं. जीनिव्हातल्या संशोधकांना ॲमेल कॉर्नच्या ओसीए२ जीनमध्ये डीएनएचा एक भलताच तुकडा घुसलेला सापडला.

आता पिल्लं. साधं, जंगली रंगाचं कॉर्न पिल्लू बाहेर पडतं तेव्हा करडं-तपकिरी असतं, पाठीवर गडद विटकरी ठिपके. मोठ्या सापाचा तो केशरी झळाळ कुठेच नाही. नवख्या माणसाला वाटतं, ॲनरी निघालं. तो केशरी रंग पुढच्या कित्येक कातींमधून हळूहळू चढतो. बारकाईने बघा, पाठीवरच्या दोन ठिपक्यांमध्ये, विशेषतः मानेजवळ, केशरी छटा आहे का. असेल तर ते ॲनरी नाही. खऱ्या ॲनरीत तिथे नुसता करडा असतो.

प्रश्न असतील तर विचारा, बाकी प्रतिसादांत लिहीनच.

---

कुतूहल

मस्त सुरुवात. एक बाळबोध प्रश्न. दोन्ही पालक साधे दिसणारे, आणि पिल्लांत एकदम एक लाल डोळ्यांचं ॲमेल? हे कसं?

---

बायोवाले_सर

कुतूहल, शाळेत मेंडेलचे वाटाणे केले होते ना, तेच गणित. दोन्ही पालक 'हेट' आहेत. म्हणजे ॲमेलची एकेक प्रत लपवून बसलेत. प्रत्येक पिल्लाला दोघांकडूनही ती लपलेली प्रत मिळण्याची शक्यता चारात एक. दिसायला साध्या पिल्लांपैकी दोन तृतीयांश पुन्हा हेट. पण कुठली, ते नुसतं बघून सांगता येत नाही. म्हणून अशा पिल्लांना '६६ टक्के हेट' म्हणतात. पिल्लू ६६ टक्के हेट नसतं हो, आपली खात्री तेवढी असते.

आता यात लोक हमखास फसतात ते सांगतो. चारात एक म्हणजे चार अंड्यांत एक नक्की, असं नाही. प्रत्येक अंड्याला नाणेफेक नव्याने होते. हेट गुणिले हेटच्या आठ अंड्यांत एकही ॲमेल न निघण्याची शक्यता जवळपास १० टक्के आहे. स्नो काढायला दोन्ही गुणांचे हेट एकत्र लावलेत तर स्नो सोळात एक. सोळा अंडी आली तरी एकही स्नो न निघण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के! त्यामुळे "माझी जोडी हेट नव्हतीच, मला फसवलं" म्हणून आरडाओरडा करण्याआधी कागद-पेन्सिल घ्या.

---

खवचट

सर, तुम्ही निवृत्त झालात तरी गृहपाठ सुटला नाही आमचा.

---

बायोवाले_सर

नाहीच सुटणार. पुढचा प्रश्न तुलाच. पन्नास टक्के हेट (म्हणजे हेट असण्याची शक्यता निम्मी) मादी ॲमेल नराला लावली. दहा अंडी, एकही ॲमेल नाही. मादी हेट आहे का?

---

खवचट

हेट असती तर निम्मी ॲमेल यायला हवी होती. एकही न येण्याची शक्यता १०२४ मध्ये एक. म्हणजे हेट नाही, असं धरून चालायला हरकत नाही. झालं समाधान?

---

बायोवाले_सर

झालं. दिसणाऱ्या मॉर्फला लावून बघणं हीच खरी परीक्षा.

---

मीनाक्षी_ब

वेटोळे, कॉर्नच्या पिल्लांबद्दल थोडी भर घालते, कारण याच जातीत घोळ जास्त.

ॲनरी, चारकोल, कॅरमेल आणि लॅव्हेंडर, या चारही मॉर्फची पिल्लं अंड्यातून आली की करडी किंवा राखाडी-तपकिरी असतात. चौघांना शेजारी शेजारी ठेवलं तर अनुभवी माणूसही घुटमळतो. कॅरमेलमध्ये पिवळा नंतर चढतो. लॅव्हेंडरची जांभळट-गुलाबी छटा तर काही कातींनंतरच कळते, पण त्याचे डोळे उजेडात गडद माणकासारखे चमकतात, तिथे धागा सापडतो. ॲनरी मोठा झाला की गळ्याला आणि मानेच्या बाजूंना पिवळा येतो. तो आहारातल्या कॅरोटिनॉइडमुळे येतो असं मानतात. चारकोलमध्ये तो पिवळा जवळजवळ नसतो. म्हणजे दोघांतला फरक कळायलाच साप मोठा व्हावा लागतो!

ब्लडरेडचं उलट. पिल्लू बघून कुणी म्हणणार नाही की हा पुढे लालबुंद होणार आहे. डोकं करडं, अंगाच्या बाजू धुरकट. पण त्याला पालथं करून पोट बघा. साध्या कॉर्नच्या पोटावर काळे-पांढरे चौकोन असतात, ब्लडरेडचं पोट जवळपास कोरं. रंगावर जाऊ नका, नक्षी बघा. रंग बदलतो, पोटावरची नक्षी सहसा नाही.

---

रातकिडा

मीनाक्षीताई, स्नोचं सांगा ना. माझ्याकडचं स्नो पिल्लू अगदी गुलाबी आहे, बाजूने बघितलं तर आतल्या नसासुद्धा दिसतात. हे पांढरं कधी होणार?

---

मीनाक्षी_ब

रातकिडा, तो गुलाबी रंग बऱ्याच अंशी रक्ताचाच. काळा नाही, लाल नाही, कातडी पातळ, मग आतलं दिसणारच. वाढेल तसा पांढरट, मलईसारखा होईल आणि मानेकडे पिवळा चढेल. काही स्नो मोठेपणीही गुलाबीच राहतात, ते निवडून-निवडून केलेले वंश आहेत. तुला बिनपिवळा पांढरा हवा असेल तर तो ब्लिझर्ड, म्हणजे चारकोल आणि ॲमेल एकत्र.

---

अर्धवट_वैज्ञानिक

लॅव्हेंडरवरून आठवलं. त्याचा जीनही सापडलाय, एलवायएसटी. २०२० साली. गंमत अशी की हा जीन पेशींच्या आतल्या लायसोसोमसारख्या पिशव्यांशी संबंधित आहे. लॅव्हेंडर कॉर्नमध्ये फक्त काळ्याच पेशींच्या नाही, लाल-पिवळ्या पेशींच्या आणि स्फटिक साठवणाऱ्या पेशींच्या पिशव्याही बिघडलेल्या दिसल्या. म्हणजे तिन्ही रंगपेशींच्या पिशव्या एकाच मुळातून आलेल्या आहेत. रंगाच्या नादाने पाळलेल्या सापांनी पेशीविज्ञानाला केवढी मोठी गोष्ट शिकवली बघा.

माणसात याच जीनच्या बिघाडाने चेडियाक-हिगाशी नावाचा गंभीर आजार होतो. लॅव्हेंडर कॉर्न मात्र पाळणाऱ्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या वाढतायत.

---

निशाचर

कॉर्नवाल्यांनी सगळी जागा खाल्ली, आता बॉल पायथनचं बोला. तिथे नावं जास्त, गोंधळ त्याहून जास्त.

पहिली गोष्ट, इथले बरेचसे मॉर्फ अप्रभावी नाहीत. पेस्टल, सिनॅमन, मोहावे, लेसर यांची एक प्रत असली तरी रंग दिसतो, दोन प्रती आल्या की वेगळाच रंग दिसतो, त्याला 'सुपर' म्हणतात. मोहावे आणि लेसर एकाच जीनच्या वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत, त्यामुळे दोघांची जोडी लावली की निळ्या डोळ्यांचा पांढरा ल्युसिस्टिक निघू शकतो. सुपर मोहावेच्या डोक्यावर करड्या रंगाची झाक राहते, सुपर लेसर जास्त पांढरा.

आता धाग्याचा विषय, रंग बदलणे. पेस्टल पिल्लू म्हणजे लिंबासारखं पिवळं. तीन-चार वर्षांनी तोच साप बघा, पिवळा मळलेला आणि बाजूंनी तपकिरी शिरलेला. याला आम्ही 'ब्राउन आउट' म्हणतो. ॲक्झँथिकचंही (पिवळा रंग नसलेला मॉर्फ) तेच. पिल्लू चांदीसारखं करडं, फोटोत डोळे दिपवणारं, आणि वयात येता येता अनेकांत तपकिरी उतरते. काही वंश कमी उतरतात, काही जास्त. आणि ॲक्झँथिकच्या वेगवेगळ्या वंशांचा एकमेकांशी मेळ नाही! दोन भिन्न वंशांचे ॲक्झँथिक एकत्र लावले तर सगळी पिल्लं साधी दिसणारी, कारण बिघाड वेगवेगळ्या जीनमध्ये आहेत. म्हणून घेताना "ॲक्झँथिक आहे" एवढ्यावर समाधान मानू नका, कुठल्या वंशाचं ते विचारा.

बनाना या मॉर्फची तऱ्हा वेगळी. पिल्लू स्वच्छ, पिवळं आणि फिकट जांभळट. मग वयाबरोबर अंगावर काळे ठिपके उगवायला लागतात. पाचेक वर्षांचा बनाना म्हणजे खरोखरच जास्त पिकलेलं केळं.

याला अपवाद पायबाल्ड. तिथे पांढऱ्या भागात रंगपेशी नाहीतच, त्यामुळे अंड्यातून येताना जिथे पांढरं तिथे आयुष्यभर पांढरं. पण एकाच क्लचमध्ये (एका मादीने एका वेळी घातलेल्या अंड्यांत) एक नव्वद टक्के पांढरं आणि दुसऱ्याच्या शेपटीकडे जेमतेम एक पट्टा, असंही होतं. ते आधी कुणालाच सांगता येत नाही, सांगणारा थापा मारतोय.

---

रातकिडा

बनानाचं काय ते 'मेल मेकर' वगैरे? नर-मादी आपल्या हातात आहे?

---

निशाचर

हा तर सगळ्यात रंगतदार भाग आहे.

बनानाचा जीन लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर बसलेला आहे. पूर्वी सगळ्याच सापांत मादीकडे दोन वेगळी गुणसूत्रं असतात असं धरून चालत असत, पक्ष्यांसारखं. बनानाची पिल्लं त्या हिशेबात बसेनात. पाळणाऱ्यांच्या नोंदींत वर्षानुवर्षं दिसत होतं की काही बनाना नरांची बनाना पिल्लं जवळजवळ सगळी नर निघतात, आणि काहींची जवळजवळ सगळी माद्या. २०१७ मध्ये संशोधनातून स्पष्ट झालं की अजगर (बॉल पायथन त्यातलाच) आणि बोआमध्ये आपल्यासारखी एक्स-वाय पद्धत आहे.

आता कोडं सुटतं. नराला बनाना बापाकडून मिळाला असेल तर तो वाय गुणसूत्रावर आहे. त्याची बनाना पिल्लं नर, हा 'मेल मेकर'. आईकडून मिळाला असेल तर एक्सवर, बनाना पिल्लं माद्या, 'फीमेल मेकर'. क्वचित दोन गुणसूत्रांत देवाणघेवाण होते आणि एखादं पिल्लू हिशेब मोडतं. बनाना मादीला हा प्रश्नच नाही, तिची बनाना पिल्लं नर-मादी सारख्याच प्रमाणात.

म्हणून बनाना नर घेताना त्याच्या आईबापांत बनाना कोण होतं हा प्रश्न आधी.

---

कुतूहल

उबवायचं तापमान वर-खाली करून माद्या काढता येत नाहीत का? कासवांत करतात ना.

---

बायोवाले_सर

कासवांत आणि मगरींत. सापांत नर-मादी गुणसूत्रांवर ठरतं, तापमानावर नाही. तापमानाशी खेळलात तर माद्या नाही, वाकड्या कण्याची पिल्लं मिळतील. बॉल पायथनला ३१ ते ३२ अंश सेल्सिअस, कॉर्नला २७ ते २९. दोघांचीही अंडी साधारण दोन महिन्यांत फुटतात.

---

वेटोळे

सरांच्या मुद्द्याला जोडून. तापमानाचा नक्षीवर परिणाम होतो. उबवताना उष्णता जास्त झाली की पाठीवर सलग पट्टा, तुटलेली नक्षी, असं काहीतरी वेगळं दिसणारं पिल्लू निघतं. आणि लगेच "नवा मॉर्फ सापडला" म्हणून दवंडी! त्याची पुढची पिढी साधी निघते, कारण तो गुण जीनमध्ये नव्हताच. 'पॅराडॉक्स'ही तसेच. अल्बिनोच्या अंगावर मध्येच दोन काळे डाग. दिसायला भन्नाट, पण सहसा पुढे उतरत नाही. जोपर्यंत तोच गुण मुलांत किंवा नातवंडांत परत दिसत नाही, तोपर्यंत तो मॉर्फ नाही, योगायोग.

---

खवचट

आणि ज्यांना दोन महिनेही दम धरवत नाही ते कात्री घेऊन अंडी कापून रंग बघतात, त्यांच्याबद्दल कोण लिहिणार?

---

निशाचर

लिहितो, कारण मी स्वतः कापतो. पहिलं पिल्लू स्वतःहून बाहेर आल्यावर, बाकीच्यांना छोटी खिडकी. कधी कधी अंडदंताने कवच फाटत नाही आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू आत गुदमरतं.

---

मीनाक्षी_ब

निशाचर, पहिलं पिल्लू बाहेर आल्यावर कापणं वेगळं आणि कुतूहल शमवायला पंधरा दिवस आधी कापणं वेगळं. दुसऱ्याला माझा ठाम विरोध आहे. कातडीवर रंग उबवणीच्या उत्तरार्धात उतरतो, आधी उघडून दिसणार काय? फिकट, अर्धवट नक्षीचं पिल्लू आणि भोवती रक्तवाहिन्यांचं जाळं. त्यातली एक कापली गेली की संपलं. शिवाय शेवटी बलक पोटात ओढून घ्यायचा असतो, तेव्हा पिल्लाला निवांतपणा लागतो. पिल्लू कवचाला चीर पाडून नाक बाहेर काढून एक-दीड दिवस तसंच बसतं, ते आळसाने नाही. बलक आत जायचा असतो.

आणि बाहेर आल्यावरही लगेच फोटो नको. आधी डोळे दुधाळ होतात, अंग मळकट दिसतं, मग आठवडा-दीड आठवड्यात पहिली कात उतरते. कात ओठांपासून सुटायला लागते, पिल्लू कशाला तरी तोंड घासतं आणि मोज्यासारखी उलटी करत त्यातून बाहेर येतं. खालून जो रंग दिसतो तिथून मोजायला सुरुवात करा.

---

अर्धवट_वैज्ञानिक

ती कात फेकू नका, एवढंच सांगायला आलोय. कातीत डीएनए असतो. बॉल पायथनमधले अल्बिनो, लॅव्हेंडर अल्बिनो आणि अल्ट्रामेल यांचे जीन शोधताना संशोधकांनी पाळणाऱ्यांकडून टपालाने काती मागवल्या होत्या. तिघांचे जीन वेगळे निघाले. अल्बिनो टायरोसिनेजमध्ये, लॅव्हेंडर अल्बिनो ओसीए२ मध्ये, अल्ट्रामेल टीवायआरपी१ मध्ये. आता काही गुणांसाठी कातीवरून चाचणी करून देणाऱ्या प्रयोगशाळाही आहेत. ६६ टक्के हेटचं शंभर किंवा शून्य करून मिळतं, जोडी लावून तीन वर्षं थांबायला नको.

---

हिरवळ

वाचतोय. कॉर्न-बॉलच्या पलीकडे कुणी गेलंच नाही म्हणून लिहितो. पिल्लाचा रंग बदलणे म्हणजे काय ते बघायचं असेल तर ग्रीन ट्री पायथन बघा.

पिल्लं पिवळीधमक किंवा विटकरी-लाल, काही भागांतल्या वंशांत एकाच क्लचमध्ये दोन्ही. मोठे झाले की दोघेही हिरवे. इथे कुठला मॉर्फ नाही, जंगलातही असंच होतं. ऑस्ट्रेलियाच्या आयर्न रेंजमध्ये अभ्यास झालाय. तिथली पिल्लं पिवळी असतात आणि साधारण ५३ ते ५९ सेंटिमीटर लांबीची झाल्यावर हिरवी होतात. लहान असताना ती जमिनीलगत, उजेडाच्या फटींत शिकार करतात, तिथे पिवळा लपून जातो. मोठी झाली की वरच्या पानोळ्यात जातात. पाळलेल्यांत काही थोड्या आठवड्यांत बदलतात, काही महिनोन्‌महिने रेंगाळतात आणि मधल्या काळात अंगावर हिरवे-पिवळे चट्टे. नवा माणूस घाबरून विचारतो, आजारी आहे का? नाही हो.

आणि हिरव्यात हिरवं रंगद्रव्य नसतंच! खालच्या स्फटिकांच्या पेशी निळा उजेड परतवतात, वर पिवळ्या पेशींचा थर. निळा आणि पिवळा मिळून हिरवा. पिवळा कमी पडला की साप निळा. काही माद्या गाभण असताना निळ्या पडतात. रफ ग्रीन स्नेक हा हिरवा साप मेल्यावर निळा होतो, त्याचंही कारण हेच. पिवळा आधी जातो, स्फटिक राहतात.

---

कुतूहल

हिरवळ, हे माहीतच नव्हतं! मग निळे ग्रीन ट्री पायथन विकतात ते?

---

हिरवळ

काही पिढ्यान्‌पिढ्या निवडून केलेले आहेत, साध्या एका जीनचा खेळ नाही तो. त्यामुळे "निळ्या आईबापांचं पिल्लू" म्हणून लाल पिल्लू घेतलंत तरी ते कितपत निळं होईल याची हमी कुणी देऊ शकत नाही. इथे मॉर्फचं गणित चालत नाही, संयम चालतो.

काळे होणारेही आहेत. ब्लॅक रॅट स्नेकचं पिल्लू करड्यावर गडद ठिपक्यांचं असतं आणि मोठेपणी ते जवळजवळ सगळे बुडून जातात. पिल्लू बघून जात ओळखायला गेलात तर भलत्याच सापाचं नाव घ्याल.

---

रानवाट

सगळं छान चाललंय, पण बॉल पायथनच्या स्पायडर मॉर्फबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. नक्षी सुंदर आहे म्हणून डोकं थरथरणारे साप जन्माला घालायचे का?

---

निशाचर

रानवाट, माझा स्पायडर खातो, पितो, वाढतो. थोडं डोकं हलतं. सगळ्यांचं सारखं नसतं.

---

रानवाट

"थोडं हलतं" म्हणजे काय ते बघितलंय मी. भक्ष्यावर झेप घेतो आणि चार बोटं बाजूला पडतो. उलटा टाकला तर सरळ होताना चाचपडतो. २०२२ मध्ये स्पायडर बॉल पायथनच्या आतल्या कानाच्या सीटी स्कॅनचा अभ्यास आला. तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्याखालची पिशवी, दोन्हींची घडणच बिघडलेली. हा स्वभाव नाही, व्यंग आहे. आणि ते नक्षीसोबतच येतं, ते वगळून नक्षी मिळत नाही. दोन स्पायडर एकत्र लावले की दोन प्रतींचं पिल्लू जगत नाही असंच पाळणारे मानतात.

---

मीनाक्षी_ब

मी रानवाटच्या बाजूने. निशाचर, आहे त्याला नीट सांभाळा, जोडी लावू नका. स्पायडर एकटा नाही. बॉल पायथनच्याच सुपर सिनॅमनमध्ये वाकडा कणा आणि बदकासारखं चपटं तोंड निघतं, कॅरमेल अल्बिनोत कण्याला गाठी, सुपर लेसरमध्ये बाहेर आलेले डोळे, कार्पेट पायथनमधल्या जॅग्वारमध्ये पुन्हा डोकं थरथरणंच. हे सगळं जोडी लावण्याआधी माहीत होतं, आता "मला काय माहीत" म्हणायची सोय नाही.

---

निशाचर

नक्षीसाठी मला इतर मॉर्फ आहेत, मान्य. पण एक सांगतो, सगळ्याच मॉर्फना एका दोरीत ओवू नका. अल्बिनोला झगझगीत उजेड सोसत नाही, तो कमी ठेवला की झालं. पायबाल्डला काहीही त्रास नाही. स्पायडरवर बंदी म्हणता म्हणता सगळ्या रंगांवर बोट ठेवणारे लोक आहेत.

---

रानवाट

मी सगळ्या रंगांवर बोट ठेवलेलं नाही, वर वाचा. माझा आक्षेप फक्त तिथे आहे जिथे रंग आणि व्यंग एकाच जीनमधून येतं.

---

वेटोळे

माझं मत रानवाटसारखंच आहे. दुसरं, रंगाच्या नादात बापाला लेकीवर, भावाला बहिणीवर लावत राहायची सवय. नवीन अप्रभावी गुण पक्का करायला एकदा ते होतंच. पण पुढे प्रत्येक पिढीत बाहेरचं रक्त आणलंच पाहिजे. रंग थोडा मागे जाईल, हेट करून परत आणावा लागेल. पिल्लं मरतुकडी निघण्यापेक्षा बरं.

आणि मादीचं वजन बघा. बॉल पायथनची मादी साधारण दीड किलोच्या खाली असताना जोडी नको, मग नर कितीही भारी मॉर्फ असो. कुठली जात पाळायला परवानगी आहे, नोंदणी लागते का, ते आपापल्या ठिकाणच्या कायद्यात आधी तपासा. बॉल पायथन साइट्सच्या (वन्य प्रजातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे, कागदपत्रांशिवाय सीमा ओलांडता येत नाही.

---

पहिलटकर

नमस्कार, नवीन आहे. माझी कॉर्न मादी साधी दिसणारी, नर ॲमेल. नऊ पिल्लं, सगळी साधी. पण त्यांतली दोन अगदी करडी, केशरीचा मागमूस नाही. नर ॲनरीला हेट आहे असं देणाऱ्याने सांगितलं होतं. मादीचं काहीच माहीत नाही. आधीच्या मालकाकडे ती दुसऱ्या नराबरोबर होती. ही दोन ॲनरी आहेत का? फोटो टाकू?

---

वेटोळे

स्वागत. फोटो जरूर टाका, पण पहिली कात झाली आहे का ते आधी सांगा.

तुमच्या केसमध्ये दोन शक्यता. एक, नर आणि मादी दोघंही ॲनरीला हेट. मग नऊत दोन ॲनरी अगदी पटण्यासारखं. दुसरी, बाप वेगळाच आहे. सापाची मादी नराचं बीज महिनोन्‌महिने, कधी त्याहून जास्त, साठवून ठेवते आणि एका क्लचला दोन बापही असू शकतात. नर ॲमेल असल्याने त्याची सगळी पिल्लं ॲमेलला हेट असणारच. म्हणून त्या दोन करड्यांची कात जपून ठेवा. ॲमेलची प्रत निघाली नाही तर तुमचा नर बाप नाही, हे नक्की. प्रत निघाली तरी मादीकडूनही आलेली असू शकते, तेवढं लक्षात असू द्या.

---

मीनाक्षी_ब

पहिलटकर, प्रत्येक कातीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी सावलीत फोटो घ्या. पिल्लाखाली दर वेळी तोच करडा कागद. मोबाइलचा कॅमेरा करड्या पिल्लाला मनाप्रमाणे उबदार किंवा निळसर करतो, कागद शेजारी असला की फसवणूक कळते. पोटाचा फोटोही हवा. आणि प्रत्येक पिल्लाची सोय वेगळ्या डब्यात, कॉर्नची पिल्लं एकमेकांना गिळायचा प्रयत्न करतात.

---

पहिलटकर

पहिली कात अजून नाही, कालपासून डोळे दुधाळ झालेत. सगळी पिल्लं एकाच डब्यात होती, आत्ता वेगळी केली. चौथ्या-पाचव्या कातीपर्यंत केशरी दिसलं नाही तर ॲनरी म्हणायचं का?

---

वेटोळे

म्हणा, पण 'ॲनरी दिसतं' एवढंच. चारकोलची शक्यता तोपर्यंत सुटलेली नसते. गळ्याला पिवळा चढला की मग लिहा नोंदवहीत.